ट्रकचे इंजिन पहिल्यांदाच घरी बांधताना
– ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम संपला की ऊस वाहतुकीचे ट्रक पावसाळाभर वस्तीवर उभे असतात. मग "यंदा इंजिन आपणच खोलू, मजुरी वाचेल" असा विचार निघतो. मी शेतकी पदविकेचा माणूस, माझा प्रांत बेणे, लागण आणि तोडणी कार्यक्रमाचा. परंतु २०११ च्या पावसाळ्यात माझ्या बंधूंच्या ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन आम्ही दोघांनी शेडमध्ये बांधले, आणि हंगामाच्या चौथ्याच दिवशी ते धरले. तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळला. वजन गेलं, उतारा गेला. ज्याचा ऊस होता तो सभासद मला काहीच बोलला नाही, हे जास्त लागलं.

चूक एकच होती. बोअरिंग करून आलेला ब्लॉक आम्ही बाहेरून डिझेलने धुतला आणि बांधायला घेतला. ब्लॉकच्या पोटात ऑइल फिरण्याची जी भोके असतात, त्यांत घासकामाची बारीक भुकटी राहिली होती. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकत नाही, ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. त्या थरात भुकटी शिरली की बेअरिंगच्या मऊ धातूत रुतते आणि कानशीसारखी क्रँकला घासते. आमचं तेच झालं.

तेव्हा ब्लॉक आणि क्रँक आल्यावर ऑइलच्या भोकांचे प्लग काढा, लांब दांड्याचा ब्रश घालून गरम साबणाच्या पाण्याने धुवा, हवा मारा आणि लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून काळे निघते का बघा. आम्हाला या कामाला अर्धा दिवस जड वाटला होता!

खोलतानाच मेन बेअरिंगच्या टोप्यांवर नंबर आणि पुढची बाजू यांच्या खुणा करा. टोप्या ब्लॉकला बसवूनच त्यांचे भोक एकत्र कातलेले असते. म्हणून एकीची दुसरीला चालत नाही, उलटीही चालत नाही. कनेक्टिंग रॉडचेही तसेच. टायमिंग गियरच्या खुणा नीट दिसत नसतील तर खोलण्याआधी स्वतः करा.

क्रँकचे माप डोळ्यांनी होत नाही. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल आडवे-उभे मोजून घ्या. दोन मापांत फरक म्हणजे तो अंडाकार झाला. मग ग्राइंडिंग करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर कमी मापाचे बेअरिंग घालावे लागते. बोअरिंग, ग्राइंडिंग, इंजेक्शन पंप आणि नोझल ही घरची कामे नव्हेत. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना तर हातच लावू नका.

रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी एकटीच बोअरमध्ये सोडा, पिस्टनने सरळ बसवा आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. पुस्तकात दिली आहे त्यापेक्षा कमी असेल, तर इंजिन तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि बोअर ओरबाडला जातो. पिस्टनवर चढवताना रिंगांची तोंडे एका रेषेत आणू नका.

मेन बेअरिंगची एकेक टोपी टॉर्क पान्याने आवळा आणि दर वेळी क्रँक हाताने फिरवून पाहा. जिच्यापाशी तो जड झाला, तिथेच दोष आहे. सगळ्या आवळून मग शोधत बसलात तर दिवस जातो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

आता चालू करण्याची घाई असते, सगळी वस्ती जमलेली असते. तरी आधी ऑइल फिल्टर भरून बसवा, बंद करायची दांडी ओढून धरा आणि ऑइलचा काटा उठेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर मारा. मगच डिझेलमधली हवा काढून इंजिन चालू करा. काटा पडला तर त्याच क्षणी बंद.

पुढे तासन् तास नुसते रिकामे गुरगुरत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. माफक ओझ्याने गाडी फिरवा. पहिले ऑइल लवकर बदला आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उघडून पाहा. चकाकणारे कण भरपूर दिसले, तर गाडी उसाला न लावता आधी चेंबर उतरवा.