वार्धक्यातील अवसाद
साठीनंतर प्रथमच उद्‌भवणारा वा पुन्हा उलटणारा, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा भाववृत्तिविकार. त्यात उदासीपेक्षा निद्रानाश, अन्नाविषयी अरुची, अंगदुखी व विस्मरण ही लक्षणे पुष्कळदा ठळक असल्याने तो वयोमानाचा परिणाम समजला जातो. जोडीदाराचा वियोग, एकाकीपणा, मधुमेह, पक्षाघात इ. त्याची कारणे होत. टेंभुर्णीसारख्या (ता. माढा, जि. सोलापूर) गावी मुले नोकरीनिमित्त पुण्यास गेली, की मागे राहिलेल्या वृद्धाची तपासणी गुडघेदुखीपाशीच थांबण्याचा संभव असतो. २०१७-१८ च्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत भारतातील साठीवरील सु. ८·३ टक्के व्यक्तींत तीव्र अवसादाची संभाव्य लक्षणे आढळली. औषधे, मानसोपचार व माणसांची सोबत यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. मात्र ‘आता जगणे पुरे’ या उद्‌गाराकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.