पिंजऱ्यात उभा प्राध्यापक

मराठी दलित रंगभूमीचा आणि प्राध्यापकांचा संबंध जुना आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस सरांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि १९५०च्या दशकात प्रत्यक्ष बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला. पुढे त्याच मराठवाड्यात, नांदेडला मराठी शिकवणाऱ्या दत्ता भगत सरांनी 'आवर्त'सारखी एकांकिका लिहिली, आणि मग 'वाटा पळवाटा' हे नाटक. वर्गात शिकवणारा माणूस रंगभूमीकडे वळला की बहुधा नाटकातही शिकवायला लागतो! भगत सरांनी तसं केलं नाही. त्यांनी प्राध्यापकालाच पिंजऱ्यात उभं केलं.

त्याच सुमारास मराठवाड्यात आणखी एक खिडकी उघडली होती. लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. १९७२च्या दलित पँथरचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच आलेलं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी तिकडचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती विचारली होती.

म्हणूनच 'वाटा पळवाटा' वाचताना मला नेहमी लॉरेन हॅन्सबेरी यांचं 'अ रेझिन इन द सन' आठवतं. ते १९५९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं ते पहिलं नाटक. बसवलं होतं लॉइड रिचर्ड्स यांनी, जे पुढे येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाचे प्रमुख झाले. शिकागोतलं यंगर कुटुंब. पोरगं बैठकीच्या खोलीतल्या कोचावर झोपतं, न्हाणीघर शेजाऱ्यांशी सामाईक. आपल्या चाळीत वाढलेल्या कुणाला हे समजावून सांगावं लागेल? वडील गेल्यावर विम्याचे दहा हजार डॉलर येतात. मुलाला दारूचं दुकान काढायचंय, मुलीला डॉक्टर व्हायचंय, आणि आई गोऱ्यांच्या वस्तीत घराचा विसार देऊन मोकळी होते. मग त्या वस्तीतला एक गृहस्थ येतो, अगदी गोड बोलत. तुम्ही येऊ नका, आम्ही पैसे देतो, म्हणतो.

तिथे विरोधक दार वाजवून बाहेरून येतो. भगत सरांकडे तो घरातच बसलेला आहे. बाबासाहेबांच्या चळवळीत केस पांढरे झालेले काका, त्यांचा प्राध्यापक पुतण्या सतीश आणि तापट तरुण अर्जुन. शिवाय सतीशची बायको हेमा, ब्राह्मण घरातली. पुरात घरं गेलेल्या माणसांना छप्पर हवंय, आणि ते कसं मिळवायचं यावर तिघांच्या तीन वाटा. सतीश कायद्याची, समजुतीची भाषा बोलतो. ती चुकीची नाही, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर आहे ना! नाटकाच्या नावातली पळवाट नेमकी कुणाची, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं आणि २००१ साली अमेरिकेत निघालेल्या भारतीय नाटकांच्या संग्रहात ते आलं.

छपराची गोष्ट भिवंडीच्या धामणकर नाक्यावर वाचली की निराळीच लागते. मी इथेच राहतो. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे इथल्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास जीव गेले. धोकादायक म्हणून नोटीस लागलेल्या इमारतीतून माणसं का निघत नाहीत, असं बाहेरचे विचारतात. निघून जायचं कुठे, ते मात्र कुणी सांगत नाही.

काही कॉलेजच्या मुलांबरोबर मी रविवारी नाटकं वाचतो. पद्मानगरच्या बाजूने मागांचा खडखडाट चालू असतो, त्यावर आवाज चढवून. ही दोन नाटकं लागोपाठ वाचली. बहुतेकांना अर्जुन आवडला. त्या वयात दुसरं कोण आवडणार! मला स्वतःला काका आवडतात. 

एक मुलगा मात्र गप्प होता. वडील मागावर, बारा तासांची पाळी. याला नुकतीच कल्याणला नोकरी लागली आहे, तिथेच एक खोली बघून ठेवली आहे. "सर, सतीशला सगळे शिव्या घालतायत," तो म्हणाला, "पण त्याने घर सोडलं असतं तर बरं, की राहिला हे बरं?" मी म्हटलं, वडिलांना विचारलंस का? विचारलं होतं. "तू जा, मी इथेच बरा, पाळीला जवळ पडतं," असं ते म्हणाले होते. त्यांच्या इमारतीच्या जिन्याला गेल्या पावसाळ्यात तडा गेला आहे.

खोलीची अनामत त्याने अजून भरलेली नाही.