एकट्याचा विनोद आणि वऱ्हाडी बोलीचा मान

रंगमंचावर नेपथ्य नाही, सहकलाकार नाही. केवळ एक माणूस, एक माइक आणि समोर प्रेक्षक. ‘स्टँड-अप कॉमेडी’ या नावाने शहरांत रुजलेल्या या प्रकाराला ब्रिटिश दूरचित्रवाणीने फार पूर्वीच मालिकेचे रूप दिले. बीबीसी टू वाहिनीवर १९७१ ते १९७९ या काळात ‘डेव्ह ॲलन ॲट लार्ज’मध्ये आयरिश विनोदकार डेव्ह ॲलन उंच खुर्चीत बसून धर्म आणि समाज यांवर बोलत असे, मधूनमधून छोटी प्रहसने येत. याच वाहिनीवर २००९ ते २०१६ या काळात स्टुअर्ट ली याच्या ‘कॉमेडी व्हेइकल’चे चार हंगाम झाले. एकच वाक्य पुन:पुन्हा उच्चारून प्रेक्षकांचा संयम ताणायचा आणि त्या ताणातूनच हशा काढायचा, ही त्याची पद्धत.

मराठीत याचे जवळचे नाते एकपात्री प्रयोगाशी आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. दुसऱ्या नावातील ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाचे वऱ्हाड. विदर्भातील वऱ्हाड प्रांताशी त्याचा संबंध नाही. त्या प्रांताचा स्वतःचा एकपात्री विनोद मात्र वेगळा असून, त्याचे एक महत्त्वाचे केंद्र म्हणजे यवतमाळ जिल्हा.

या जिल्ह्यातील बोरीअरबचे कवी शंकर बडे (१९४७-२०१६) यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा वऱ्हाडी एकपात्री प्रयोग गावोगावी नेला. विलायती पदवी आणि गावाकडचे नाव शेजारी ठेवणाऱ्या या शीर्षकातच विनोदाची कळ आहे. नेर तालुक्याशी नाते असलेले डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्स्प्रेस’मध्ये कविता आणि गप्पा एकमेकींत मिसळून येत.

एकपात्री नट अनेक पात्रे उभी करतो. स्टँड-अप कलावंत बहुधा स्वतः म्हणूनच बोलतो. वऱ्हाडी कलावंत या दोहोंच्या मधोमध उभा राहतो. तो गुलब्याही होतो आणि गुलब्याच्या गावचा माणूसही राहतो. येथे बोली हा केवळ रंग नसून विनोदाचे साधनच असते. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ अशी रूपे संवादाला वेगळी लय देतात आणि हशा नेमका त्या लयीवर पडतो.

येथे प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. मराठी नाटक-चित्रपटांत वऱ्हाडी बोली अनेकदा गडी, शिपाई किंवा बावळट पाहुणा यांच्याच तोंडी दिली गेली. प्रमाणभाषा बोलणारा हसणारा आणि बोली बोलणारा हसू होणारा. बडे आणि मिर्झा यांनी हे नाते उलटवले. त्यांच्या मंचावर वऱ्हाडी माणूसच शहाणपणाने जग न्याहाळतो. पुढारी, कचेरी, सावकार यांना हसतो आणि स्वतःलाही सोडत नाही. कापूस आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या, शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिल्या गेलेल्या जिल्ह्यात हे हसणे म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. ते चारचौघांत बोलून दाखविण्याची ती एक रीत आहे.

मात्र हा विनोद कागदावर पूर्ण उतरत नाही. शब्द छापता येतात. थांबणे, स्वराची चढउतार, समोरच्या गर्दीला दिलेले तत्काळ उत्तर छापता येत नाही. ब्रिटिश कलावंतांना दूरचित्रवाणीमुळे चित्रित रूपाचा आधार मिळाला. वऱ्हाडी प्रयोगांच्या बाबतीत जुनी ध्वनिमुद्रणे व चित्रफिती शोधून त्या नीट जतन करण्याचे काम विद्यापीठे, साहित्यसंस्था आणि आकाशवाणी यांना करता येण्याजोगे आहे. ते प्रयोग समोर बसून ऐकलेली पिढी हयात आहे, तोवरच त्यातील संदर्भ उलगडून घेता येतील.