उताराच्या रानाचा नकाशा

आमच्या काळेवाडीतल्या सोसायटीत खेडच्या पश्चिम पट्ट्यातले एक काका राहतात. गावाकडच्या माळावर ताली घालायच्या की आंबा लावायचा, असं त्यांनी परवा विचारलं. हे रानाच्या उतारावर ठरतं, म्हणून मी लगेच लॅपटॉप उघडला.

इस्रोच्या 'भुवन'वर कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून केलेलं उंचीचं मॉडेल मोफत मिळतं. ते क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की उतार, त्याची दिशा, पाण्याची वाट, सगळं उमटतं.

उतार टक्क्यांत घ्या. १०० मीटरला ३ मीटर उतरलं, तर ३ टक्के. क्यूजीआयएस मुळात अंश दाखवतं, आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के!

साधारण ६ टक्क्यांपर्यंत समपातळी बांध चालतात. त्यापुढे मजगी (पायऱ्यापायऱ्यांची खाचरं), नाहीतर चर खणून फळझाडं. पाऊस जास्त असेल तिथे बांधाला सांडवा हवाच.

मर्यादा मोठी आहे, ती नीट समजून घ्या. या मॉडेलचा एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठे. मधली ओघळ, जुना बांध त्यात विरून जातो. म्हणून नकाशावर फक्त जागा हेरायची. आखणी रानात उभं राहून, ए-फ्रेमनेच (समपातळी शोधायची 'A' आकाराची चौकट).

क्यूजीआयएसमध्ये कुठे अडलात तर विचारा, एकेक पायरी सांगेन.