सिमला ऑफिस ते खोडद

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं आणि येताना नावही घेऊन आलं. १९४४ला ते दिल्लीला गेलं. वेधशाळा आणि जाणती माणसं मात्र मागे राहिली. १९६२ साली मान्सूनचा अभ्यास करणारी संस्था पुण्यातच निघाली, ती काही उगाच नाही. पुणं विज्ञानाचं शहर झालं ते कुणी आराखडा करून नव्हे, एकाला लागून दुसरं असं होत गेलं.

पुण्यातच हडपसरला बनणाऱ्या लशींचं मूळ तर तबेल्यात आहे. धनुर्वातावरचं औषध करायला घोड्याला थोडं थोडं विष टोचत आणि मग त्याच्या रक्तातून प्रतिविष काढत. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास फार्मवरचे घोडे त्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. तेच काम आपणच का करू नये, या हिशेबातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पण मला विचाराल तर खरी करामत नारायणगावजवळ, खोडदला आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी थाळी पत्र्याची केली तर वाऱ्याला तोंड द्यायला सांगाडाही तसाच अवजड लागणार, आणि तो खर्च परवडणार कुणाला? ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्राच काढून टाकला. पोलादी दोर ताणले आणि त्यांवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र परततात, कारण जाळीची भोकं त्यांच्या तरंगलांबीपेक्षा बरीच लहान आहेत. १४ थाळ्या मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना पांगलेल्या; सगळ्यांचे संकेत जुळवले की सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा मिळतो. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती; ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेली ती लहर इथे पकडल्याचं २०२३ साली जाहीर झालं.

जागा निवडताना इतर गोष्टींबरोबर हेही पाहिलं: पुणं फार लांब नको आणि डोंगरांच्या आडोशाने रेडिओ गोंगाट कमी हवा. आता पुणं-नाशिक रस्त्यालगत मोबाइल टॉवर वाढलेत, त्यामुळे आकाशातला संकेत हाती लागण्याआधी माणसांचा गोंगाट निवडून बाजूला काढण्यातच बराच वेळ जातो.