खाटकाच्या ओट्यामागचा प्रश्न

दक्षिण कोलकात्यातील बेहाला हा डायमंड हार्बर मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला, दाट वस्तीचा भाग आहे. तेथील बाजारात सकाळची गर्दी मासळी आणि कोंबडीच्या ओट्यांभोवती असते. बंगाली स्वयंपाकघर याबाबतीत काटकसरी. रोहूचे डोके मुगाच्या डाळीत जाते, काटे भाजीत शिजतात, माशाच्या पोटातील चरबीही वाया जात नाही. तरीही ओट्यामागचे पिंप भरतच राहते. पिसे, आतडी, रक्त, कोंबड्यांची डोकी, माशांचे कल्ले असे बरेच काही त्यात साचते. ग्राहक पिशवी उचलून निघाला की त्याच्या लेखी व्यवहार संपतो. सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

हा प्रश्न दुर्लक्षिला गेला की काय होते, हे बेहालाच्या शेजारीच २०१८च्या एप्रिलमध्ये दिसून आले. बजबज येथील कचराभूमीवर टाकलेल्या मृत जनावरांचे मांस काढून ते खाद्यबाजारात विकले जात असल्याचे उघडकीस आले. पोलिसांनी अटका केल्या, तपासाची सूत्रे शीतगृहांपर्यंत पोहोचली आणि कोलकात्यातील उपाहारगृहांवरील लोकांचा विश्वास काही काळ पार उडाला. बंगालीत अशा कचराभूमीला ‘भागाड़’ म्हणतात. तो शब्द त्या उन्हाळ्यात घराघरांत पोहोचला. चर्चा झाली ती गुन्हेगारांच्या निर्ढावलेपणाची. मृत जनावर उघड्यावर टाकण्याखेरीज नगरपालिकेपुढे दुसरा मार्ग का नव्हता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तो मार्ग जगात शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. इंग्रजीत त्याला ‘रेंडरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही; परंतु लोणी कढवून तूप वेगळे करणाऱ्या कोणत्याही घराला त्याचे तत्त्व परिचित आहे. उष्णतेने पाणी उडते, स्निग्धांश वर येतो, तळाशी बेरी राहते. प्राण्यांचे जे भाग माणूस खात नाही, ते बारीक करून मोठ्या बंद पात्रांत शिजवले जातात. कच्च्या मालात साधारण तीन पंचमांश पाणी असते. उरलेल्यापैकी निम्मी चरबी आणि निम्मी प्रथिने व खनिजे. चरबी साबण, वंगण, रसायने आणि जैवइंधनाकडे जाते. प्रथिनांची भुकटी मत्स्यखाद्य, पाळीव प्राण्यांचे खाद्य किंवा खत होते.

जनावराच्या वजनाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग माणसाच्या ताटात येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्योगाचे महत्त्व कळते. त्या जनावराने खाल्लेला चारा, प्यायलेले पाणी आणि त्यासाठी वापरलेली जमीन यांचा हिशेब संपूर्ण देहाचा असतो. अर्धा देह कचराभूमीत कुजू दिला, तर ती सारी गुंतवणूक मिथेन वायू आणि दुर्गंधी होऊन हवेत जाते. त्याच भागापासून मत्स्यखाद्य बनले, तर तेवढ्या प्रमाणात समुद्रातील लहान मासळी दळण्याची गरज घटते.

कोलकात्याला हा विचार परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी बंगाल केमिकलची उभारणी सुरू केली, तेव्हा औषधी फॉस्फेटसाठी त्यांनी खाटकांकडून जनावरांची हाडे आणवली. ती राहत्या घराच्या गच्चीवर वाळत घातली. अवेळी पाऊस आला, हाडांना चिकटलेले मांस कुजले, कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. अखेर हाडे शहराबाहेर नेऊन जाळावी लागली. त्यांची राख पुढे औषध झाली. आजच्या धोरणकर्त्यांपुढील पेच त्या गच्चीवर जसाच्या तसा होता: पदार्थ मौल्यवान आहे, पण त्याचे शेजारपण कोणालाच नको आहे.

म्हणूनच या उद्योगाचे गुणगान करताना त्याचे धोके झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींमधील मेंदूविकार ओळखला गेला. रवंथ करणाऱ्या जनावरांच्याच अवशेषांची भुकटी पुन्हा गायींना खाऊ घातल्याने तो पसरला होता. त्यानंतर युरोपने अवशेषांची जोखमीनुसार वर्गवारी केली आणि तापमान, दाब व वेळ यांची बंधने घातली. भारतातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कोंबडी, डुक्कर व मासे वगळता दुभत्या आणि मांसासाठीच्या जनावरांना मांस-हाडांची भुकटी असलेले खाद्य देण्यास मनाई केली आहे. नियम आहे, परंतु कच्चा माल कोठून आला याची नोंदच नसेल, तर तो नियम तपासायचा कसा?

कोलकात्याचा दुसरा धडा कातड्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये टांगरा, तिलजला, तोपसिया परिसरातील चर्मोद्योग शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि बानतलाची चर्मनगरी उभी राहिली. मात्र क्रोमियमने कमावलेल्या कातड्याचे तुकडे शिजवून खाद्य वा खत केले जाते, तेव्हा तो जड धातू अन्नसाखळीत शिरण्याची भीती असते. शेजारीच पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी आहे. शहराच्या सांडपाण्यावर मासे पिकवणाऱ्या या भूमीला २००२ साली रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुनर्वापर म्हणजे सर्व काही एकाच कढईत घालणे नव्हे, हे सांगायला याहून समर्पक जागा सापडणार नाही.

तिसरा प्रश्न माणसांचा आहे आणि महाराष्ट्राला तो अधिक जवळून ठाऊक आहे. मृत जनावर ओढणे हे जातीने लादलेले काम होते. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे या लादलेपणाला नकार होता. १९३०च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवून या कामाला उद्योगाची प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वाटा भिन्न होत्या. २०१६ साली गुजरातमधील उना येथे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा अनेकांनी हे काम थांबवले आणि सुरेंद्रनगरमध्ये मृत गायी सरकारी कार्यालयासमोर आणून टाकल्या. देशाने पहिल्यांदाच पाहिले की ही सेवा किती आवश्यक आहे आणि ती करणाऱ्याला किती कमी मान आहे. गिधाडे तर आधीच गेली होती. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६मध्ये बंदी येईपर्यंत निसर्गाचा हा फुकटचा सफाईकामगार जवळजवळ नाहीसा झाला होता.

तेव्हा करायचे काय? केरळने त्याचे एक उत्तर दिले आहे. तेथे कोंबडीच्या दुकानांतील अवशेष गोळा करून परवानाधारक रेंडरिंग प्रकल्पांना पोहोचवण्याची व्यवस्था जिल्हावार उभारली जात आहे आणि कन्नूरने त्यात आघाडी घेतली. यातील महत्त्वाची गोष्ट यंत्र नाही. दुकानाचा परवाना आणि अवशेषांची पोच यांची सांगड ही ती गोष्ट आहे. बेहालासारख्या भागात शेकडो लहान ओटे आहेत. प्रत्येकाचे पिंप काही तासांत थंड साठवणीत किंवा प्रकल्पात पोहोचले नाही, तर कच्चा माल कुजतो आणि त्याचे मोल संपते. म्हणजे रेंडरिंगचा प्रश्न हा आधी वाहतुकीचा प्रश्न आहे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत कत्तलखाने आणि चर्मोद्योग यांचे नियमन नगरपालिकांच्या कामांत मोडते. त्या अधिकारात चार गोष्टी आजच करता येतील: दुकानागणिक रोजची नोंद, आजाराने मेलेल्या जनावरांची वेगळी वाट, दुर्गंधी रोखणारी बंद यंत्रणा, आणि हे काम करणाऱ्यांना यंत्रे, विमा व नियमित वेतन. यांतील शेवटची गोष्ट वगळली, तर उरलेल्या तीन जुन्याच अन्यायावर नवा रंग देतील.

रेंडरिंग हा अन्न वाया घालवण्याचा परवाना नव्हे. माणसाने खाण्याजोगे अन्न माणसाच्याच पोटात जावे, हा क्रम त्याने बदलत नाही. परंतु जे खाल्लेच जाणार नाही, त्याचे काय करायचे हे शासनाने ठरवले नाही, तर कोणीतरी ते रात्रीच्या अंधारात ठरवते. बजबजने देशाला एवढे तरी शिकवायला हवे होते.