देखावा आपल्याच शिवाराचा

घरातल्या मुलाला ‘देखावा काढ’ म्हणा. कागदावर काय येणार ते तुम्ही आधीच सांगाल: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचे झाड. अहो, पण सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून घडला. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ डोंगर माथ्यावर सपाट आणि कडेने पायऱ्यापायऱ्यांचे असतात. मुलाला बांधावर नेऊन आधी हे दाखवा. रंग मागाहून.

सकाळी लवकर बसावे, नाहीतर उन्हे कलल्यावर. भर दुपारी सावल्या पायाशी येतात अन् रान सपाट दिसते. जाड कागद लाकडी पाटावर चारी कडांनी चिकटपट्टीने बसवा, म्हणजे ओला झाला तरी फारसा फुगत नाही.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उन्हात चमकणारा पत्रा, चारीतले पाणी, बैलाची उजळ पाठ, एवढ्या जागा आधीच राखायच्या. प्रथम आभाळ, मग दूरचे डोंगर फिके निळसर, जवळचे गडद सगळ्यांत शेवटी. डबीतला हिरवा तसाच फासू नका. निळ्यात पिवळा मिसळून किंचित तांबडा घाला. हुरड्यातली ज्वारी आणि ऊस यांचा हिरवा एक नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको. काळी जमीनही नुसत्या काळ्याने मरते. तपकिरीत गडद निळा घालून पाहा.

राखलेली जागा चुकून रंगली तर? तिथे गॉश या दाट जलरंगाचा स्वस्त भाऊ, पोस्टर कलर, कामी येतो. तो खालचा रंग झाकतो. कणसांवरचे उन्हाचे ठिपके त्यानेच द्यावेत. मात्र जाड थापला तर वाळून तडकतो, आणि कुंचला घासत बसलात तर खालचा रंग सुटून चिखल होतो.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आबालाल रहिमान (निधन १९३१) कोल्हापुरात राहून रंकाळा, कोटितीर्थ असा आपलाच परिसर रंगवीत राहिले. विषयासाठी लांब जायला नको.

विजेचा खांब, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर मुले ‘शोभत नाही’ म्हणून गाळतात. गाळू देऊ नका. मोट रोजची होती तेव्हा आपल्यापैकी किती घरांत तिचे चित्र निघाले? आज नातवाला ती हातवारे करून सांगावी लागते.

चित्र वाळले की मागे पेन्सिलीने गट नंबर, पीक आणि तारीख लिहून ठेवा.